कापणारा हात आणि बीटा ब्लॉकरची गोळी



 आजचा विषय वैद्यकाचा आहे, परंतु तो केवळ वैद्यांचा नाही. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाच्या मैदानावर भरतीसाठी उतरणारा तरुण, लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीसाठी दालनाबाहेर बसलेली शेतकऱ्याची मुलगी, रांजणगावच्या कारखान्यात साहेबांपुढे प्रथमच इंग्रजीत बोलावे लागणारा पदविकाधारक, चौफुल्याच्या कलाकेंद्रात जाणकारांच्या बैठकीपुढे पहिल्यांदा उभी राहणारी कलावंत, या सर्वांची तयारी पुरेशी असते, बुद्धी शाबूत असते, आणि तरीही ऐन प्रसंगी छाती धडधडू लागते, घशाला कोरड पडते, हाताला कापरे भरते, आणि वर्षानुवर्षांचे श्रम त्या पाच मिनिटांत मातीमोल होतात की काय असे वाटू लागते. अशा वेळी कोणी मित्र खिशातून एक लहानशी गोळी काढतो आणि म्हणतो, "ही बीपीची गोळी घे, हात कापायचा थांबेल." हा सल्ला आता कानोकान फिरू लागला आहे. तो खरा आहे काय? खरा असल्यास कितपत? आणि खरा असला तरी तो मित्राने द्यावा काय?

या प्रश्नांची उत्तरे मी क्रमाने देणार आहे. प्रथम भीतीने शरीरात काय घडते ते पाहू. मग हे औषध आपल्यापर्यंत कसे पोहोचले ते. त्यानंतर ते काय साधते आणि काय साधत नाही. आणि शेवटी ते कोणी घेऊ नये. या शेवटच्या भागात कोणाच्या तरी जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून तेवढा भाग तरी आपण लक्षपूर्वक ऐकावा अशी माझी आरंभीच विनंती आहे.

शिरूर तालुक्यातील ज्या गावांत उसाच्या फडांतून बिबट्याचा वावर आहे, तेथील माणसाला भीती म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी द्यायला गेलेल्या शेतकऱ्याच्या कानी पाचटाची सळसळ येते, आणि ती कुत्र्याची की बिबट्याची असा विचार मनात पुरता उमटण्यापूर्वीच त्याचे शरीर कामाला लागलेले असते. मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन लहान ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. मज्जातंतूंच्या टोकांतून त्याचेच भावंड असलेले नॉरॲड्रेनलिन स्रवते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृत आपल्याजवळची साखर रक्तात ओतते, आणि त्वचा व आतडी यांचे रक्त आखडून पायांच्या स्नायूंकडे वळवले जाते. हातपाय गार पडतात आणि पोटात गोळा येतो तो यामुळेच. १९०१ साली जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत हे द्रव्य स्फटिकरूपाने शुद्ध करून दाखवले, आणि १९१५ साली वॉल्टर कॅनन या शरीरशास्त्रज्ञाने प्रतिपादन केले की ही सारी सिद्धता लढण्यासाठी अथवा पळण्यासाठी असते. फडाच्या बांधावर ती जीव वाचवते. मुलाखतीच्या दालनात मात्र लढायचेही नसते आणि पळायचेही नसते. तेथे शांतपणे बसून बोलायचे असते, आणि शरीराने मोठ्या निष्ठेने केलेली ती सिद्धता तेथे निरुपयोगी होऊन माणसालाच छळू लागते.

आपल्या परंपरेने ही लक्षणे फार पूर्वी ओळखली होती. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. म्हणजे अंग ताठरणे, घाम फुटणे, काटा येणे, आवाज फाटणे, कापरे भरणे, चेहरा उतरणे, डोळे भरणे आणि शुद्ध हरपणे. मनाची पूर्ण एकाग्रता झाल्याखेरीज नटाला हे भाव अंगी आणता येत नाहीत, इतके ते अस्सल मानले गेले. नटाला जे महत्प्रयासाने आणावे लागते तेच आमच्या त्या मुलीच्या अंगी न बोलावता येते, आणि ती बिचारी घरी जाऊन म्हणते की मी भित्री आहे, माझ्यात काही दम नाही. नाही, मुली, नाही! हे भित्रेपण नव्हे. तुझे शरीर निरोगी आहे आणि ते आपले पुरातन कर्तव्य बजावीत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

या द्रव्यांचे सामर्थ्य केवढे आहे याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडलेले आहे, आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कोकणात महाड परिसरात डॉ. हिम्मतराव बावस्कर हे तरुण वैद्यकीय अधिकारी म्हणून गेले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि विशेषतः लहान मुले त्यांच्या डोळ्यांदेखत मरत होती. या विंचवाचे विष मज्जातंतूंना डिवचून त्यांच्याकडून ॲड्रेनलिन वर्गातील द्रव्यांचा असा पूर सोडवते की रोग्याला दरदरून घाम सुटतो, हातपाय बर्फासारखे गार होतात, रक्तदाब भडकतो, आणि अखेर शिणलेले हृदय हरून फुप्फुसांत पाणी भरते. विचार करा: त्या मुलाच्या मनात भीती असो वा नसो, भीतीचा सगळा सरंजाम त्याच्या देहात शंभर पटींनी उतरलेला असतो! बावस्करांनी रोग्यांच्या उशाशी रात्री काढल्या, एकेका लक्षणाची टिपणे ठेवली, आणि मूळच्या रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाने हा पूर अडवता येतो हे दाखवून १९८६ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात ते जगापुढे मांडले. शेकडा तिसाच्या घरात असणारे मृत्यू त्यामुळे अगदी थोड्यावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण माझ्या मते त्यांचा खरा सन्मान म्हणजे आज चालत्याबोलत्या असलेल्या त्या मुलांचे संसार होत.

आता यातील मर्म पाहा. प्राझोसिन हे ॲड्रेनलिनच्या कार्याचा एक भाग अडवते. आपण ज्या गोळीबद्दल बोलत आहोत ती दुसरा भाग अडवते. आणि विंचवाच्या दंशात जर कोणी ही दुसरी गोळी दिली, तर आखडलेल्या रक्तवाहिन्या तशाच राहून थकलेल्या हृदयाचे उरलेसुरले बळही जाते. द्रव्य एकच, पण एक अडथळा तारक आणि दुसरा मारक. असे का व्हावे?

याचे उत्तर रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन संशोधकाने १९४८ साली दिले. ॲड्रेनलिनचा संदेश स्वीकारणारी स्थाने शरीरात दोन जातींची आहेत असे त्याने म्हटले आणि त्यांना आल्फा व बीटा ही नावे दिली. औषधशास्त्राच्या नियतकालिकाने त्याचा तो निबंध परत पाठवला होता, तो अखेर शरीरशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला, आणि कित्येक वर्षे कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. लक्ष दिले ते स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. हृदयशूळाच्या रोग्याचे हृदय प्राणवायूसाठी तडफडते, तेव्हा अधिक रक्त पुरवण्यापेक्षा हृदयावरचा कामाचा तगादाच कमी का करू नये, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. जुन्या अमदानीत हरकारा हुकुमाचा खलिता घेऊन देवडीवर यावा आणि त्याच्या जागी दुसराच कोणी निरुपद्रवी माणूस आधीच बसलेला असल्यामुळे तो हुकूम आत पोहोचूच नये, त्याप्रमाणे बीटा स्थानावर स्वतः बसून ॲड्रेनलिनला रोखणारे द्रव्य त्यांना हवे होते. पहिले द्रव्य उंदरांत गाठी उत्पन्न करते असे दिसल्याने सोडून द्यावे लागले. १९६४ साली प्रोप्रॅनोलॉल सिद्ध झाले. आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपण बीटा ब्लॉकर म्हणतो ते हेच.

आणि या औषधाचा आपल्या देशाशी, किंबहुना आपल्या तालुक्याशीही संबंध येतो, तो असा. त्या काळी आपल्याकडे १९११ सालचा पेटंट कायदा चालत होता आणि नवी औषधे परदेशी कंपन्यांच्या मर्जीने व त्यांच्या भावाने मिळत. मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी प्रोप्रॅनोलॉल येथे बनवायला घेतले, मूळच्या ब्रिटिश कंपनीने हरकत घेतली, आणि प्रकरण पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यापर्यंत गेले, ही हकीकत स्वतः हमीद यांनी अनेकदा सांगितली आहे. १९७० सालचा नवा पेटंट कायदा १९७२ पासून अमलात आला. त्याने औषधाच्या वस्तूवरचा मक्ता काढून केवळ ते बनवण्याच्या रीतीपुरता हक्क शिल्लक ठेवला, आणि २००५ पर्यंत टिकलेल्या त्या तरतुदीच्या आश्रयाने भारतीय औषधधंदा उभा राहिला. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची मूळ द्रव्ये तयार करणारे जे कारखाने आपण पाहता, आणि ज्यांत सिप्लाचाही एक आहे, ते याच परंपरेतले. हे मी विस्ताराने सांगितले, कारण त्या धोरणामुळे ही गोळी आज आपल्याकडे अत्यंत स्वस्त आहे. गरीब हृदयरोग्याला हे वरदान आहे. परंतु स्वस्त आहे म्हणूनच ती मित्राच्या खिशातही आहे, हेही विसरून चालणार नाही.

आता तिसरा प्रश्न: ही गोळी भीतीवर काय करते?

विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८८४ साली एक विलक्षण विधान केले होते: आपण भितो म्हणून कापत नाही, तर कापतो म्हणून भितो. हे विधान पुढे जसेच्या तसे टिकले नाही, पण त्यातील अर्धे सत्य आपल्या प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. माइकसमोर उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याच्या हातातला कागद थरथरतो. ती थरथर त्याला दिसते. समोरच्यांनाही दिसली असेल असे वाटून तो अधिक भितो. आणि अधिक भ्याल्यामुळे कागद अधिक थरथरतो. हे चक्र शरीराच्या बाजूने तोडणे एवढेच काम ही गोळी करते. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, प्रसंगाच्या सुमारे तासभर आधी घेतली असता काही तासांपुरते ठोके आवरतात आणि हाताचे कापरे कमी होते. १९६६ साली लंडनच्या डॉक्टरांनी चिंताग्रस्त रोग्यांवर तिचा प्रयोग केला, तेव्हा धडधडीसारख्या शारीरिक तक्रारी उतरल्या, पण मनातील चिंतेवर तसा परिणाम दिसला नाही. १९७७ साली तंतुवाद्ये वाजवणाऱ्या कलावंतांवर याच वर्गातील दुसऱ्या औषधाचा प्रयोग झाला आणि त्यांच्या गजाचा कंप कमी होऊन वादन सुधारले. त्यानंतर दहाएक वर्षांनी अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांची पाहणी झाली, तीत चौथाईहून अधिक वादकांनी अशा गोळ्या घेतल्याचे सांगितले.

हे झाले काय साधते ते. काय साधत नाही? भरतमुनींचेच आठ भाव घ्या. वेपथू बराच आवरतो, कंपाने फाटणारा आवाजही काहीसा सावरतो. पण स्वेद आवरत नाही, कारण घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे मज्जातंतू वेगळ्याच द्रव्याने काम करतात. घशाची कोरड जात नाही. आणि "मला येणार नाही, माझी फजिती होईल" हा मनातला विचार तर जिथल्या तिथे राहतो. ज्याचा अभ्यास झालेला नाही त्याला गोळी अभ्यास देत नाही. ज्याला रोज भीती वाटते, घराबाहेर पडवत नाही, रात्री झोप लागत नाही, किंवा अचानक मरणाची घाबर उठते, त्याला ही गोळी तारील असे मानायला पुरेसा आधार नाही. त्याच्यासाठी मानसोपचाराच्या निश्चित पद्धती आहेत, वेगळी औषधे आहेत, आणि त्यांचा गुण येतो. अशा माणसाने बीटा ब्लॉकरवर दिवस ढकलणे म्हणजे आजाराला पांघरूण घालणे होय.

मग प्रसंगापुरती गोळी घेणे ही लबाडी आहे काय? हा प्रश्न मला सुबुद्ध पालकांनी विचारलेला आहे, आणि माझे उत्तर स्पष्ट आहे. परीक्षेच्या दालनात दुसऱ्याचे ज्ञान चोरून नेणे ही लबाडी. स्वतः मिळवलेले ज्ञान बाहेर येण्याची वाट मोकळी करणे ही लबाडी नव्हे. मात्र जेथे हाताची स्थिरता हीच कसोटी असते तेथे न्याय बदलतो. नेमबाजीत बीटा ब्लॉकर निषिद्ध आहेत, आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तूल नेमबाजाला प्रोप्रॅनोलॉलपायी रौप्य व कांस्य अशी दोन्ही पदके परत करावी लागली. उलट आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ते याच निर्बंधाखाली खेळून. सरावाने माणूस आपल्या हृदयाच्या ठोक्यांशी किती समझोता करू शकतो, याचा तो दाखलाच आहे.

आणि भरतीच्या मैदानाविषयी तर माझी स्पष्ट ताकीद आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. राखीव बलासाठी मुलांना पाच किलोमीटर. धावताना ठोके वाढणे हीच शरीराची गरज असते, आणि ही गोळी नेमके तेच रोखते. सकाळी भीती मोडण्यासाठी गोळी घेऊन मैदानात उतरणारा मुलगा आपल्याच हाताने आपला दम तोडून घेतो.

आता ज्या भागासाठी मी आरंभी आपले लक्ष मागून ठेवले होते तो भाग.

ज्याला दमा आहे, लहानपणी होता, किंवा साखर कारखान्याच्या हंगामात आणि धुळीच्या दिवसांत ज्याची छाती घरघरते, त्याने प्रोप्रॅनोलॉल घेऊ नये. हृदयाप्रमाणेच श्वासनलिकांतही बीटा स्थाने आहेत, आणि श्वासनलिका मोकळ्या ठेवणे हे त्यांचे काम आहे. ती अडली की नलिका आवळतात. एका गोळीनेही हे घडू शकते, आणि त्यात माणूस दगावू शकतो. ज्या मित्राने खिशातून गोळी काढली त्याने हे विचारले होते काय?

ज्याला मधुमेह आहे आणि जो इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतो, त्याचे शरीर साखर फार खाली गेली की छाती धडधडवून व हात कापवून त्याला सावध करते. ही गोळी त्या दोन्ही सूचना दाबते. घाम तेवढा फुटतो. अशा रोग्याने घाम हीच धोक्याची खूण समजावी. ज्याचे ठोके मुळातच मंद आहेत, ज्याचा रक्तदाब खाली असतो, त्याला भोवळ येऊन तो कोसळू शकतो. जो हृदयासाठी ही गोळी नियमाने घेतो त्याने ती एकाएकी बंद करू नये, कारण आवरून धरलेले हृदय मग उसळून येते.

शेतात राबणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती शहरातल्या पुस्तिकांत सहसा सापडत नाही. आग्यामोहोळ उठले, किंवा सर्पदंशावरचे प्रतिविष टोचताना अंगावर तीव्र प्रतिक्रिया आली, तर डॉक्टर जीव वाचवण्यासाठी ॲड्रेनलिनचेच इंजेक्शन देतात. बीटा ब्लॉकर घेतलेल्या माणसावर ते अपेक्षेप्रमाणे चालत नाही. म्हणून ही गोळी घेणाऱ्याने आणि त्याच्या घरच्यांनी दवाखान्यात पाऊल ठेवताच ते आधी सांगावे.

शिवाय धडधड म्हणजे भीतीच असे कोणी सांगितले? आमच्या गावांतील कित्येक बायांची छाती धडधडते ती अंगात रक्त कमी असल्यामुळे. काहींची गलग्रंथी वाढीव काम करते. काहींची हृदयाची झडप लहानपणीच्या सांधेतापाने आकसलेली असते. काहींच्या दाताला दिवसातून चार वेळा मिश्री लागते आणि तिच्यातील निकोटिन ठोके वाढवते. भीती समजून यांना गोळी देणे म्हणजे रोग झाकणे. नाडी, रक्तदाब, छातीची तपासणी आणि एखादी रक्तचाचणी एवढ्यावर बहुतेक उलगडा होतो, आणि तेवढ्यासाठी शिरूर व दौंड या दोन्ही ठिकाणी सरकारी रुग्णालये आहेत.

आणखी एक गोष्ट बोलणे जड जाते, पण बोललेच पाहिजे. प्रमाणाबाहेर घेतलेली ही गोळी फार लवकर प्राणघातक ठरते, आणि इंग्लंडमध्ये २०२० साली आरोग्यसुरक्षेची चौकशी करणाऱ्या सरकारी संस्थेने याबद्दल स्वतंत्र अहवाल काढून इशारा दिला आहे. घरातले कोणी निराश असेल, तर ही पाकिटे दुसऱ्याच्या ताब्यात असावीत.

औषधविक्रेत्यांना माझी विनंती आहे की हे औषध शेड्यूल एच मधील आहे. ओळखीचा मुलगा असला तरी चिठ्ठीशिवाय ते देण्याची मुभा आपणास नाही, ती आपण घेऊ नये. डॉक्टर बंधूंना विनंती की मुलगा कापऱ्या हाताची तक्रार घेऊन आला तर त्याला हसून परत पाठवू नका. त्याला तपासा, दम्याचे विचारा, योग्य वाटल्यास थोड्याच गोळ्या लिहून द्या, आणि मुख्य प्रसंगापूर्वी एखाद्या मोकळ्या दिवशी घरी एक घेऊन पाहायला सांगा. शिक्षकांना विनंती की पाचवीपासूनच प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकदा वर्गापुढे उभे करून बोलू द्या, आणि जो अडखळेल त्याला हसू देऊ नका. या उपायाला कोणतेही पथ्य नाही. आणि तरुण मित्रांनो, रोजच्या भीतीने ज्यांचे जगणे कठीण झाले आहे त्यांनी केंद्र शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो नि:शुल्क आहे, रात्रंदिवस चालू असतो, आणि तेथे मराठीत बोलता येते.